घरट्याजवळचे छायाचित्र: हौशी छायाचित्रकारांच्या एका गटातील समीक्षेचे प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरातल्या हौशी छायाचित्रकारांच्या गटात घडले. संबंधित व्यक्ती ओळखू येऊ नयेत म्हणून नावे, गावे आणि काही बारकावे वगळले आहेत. गटात बँकेतील कर्मचारी, शिक्षक, निवृत्त अभियंते आणि काही महाविद्यालयीन विद्यार्थी आहेत; छायाचित्रणावर पोट असलेले त्यांत कोणी नाही. महिन्यातून एकदा वाचनालयाच्या सभागृहात ही मंडळी जमतात, प्रत्येक जण एखाद-दुसरे छायाचित्र पडद्यावर दाखवतो आणि इतर त्यावर बोलतात.

बोलण्याची पद्धत सलोनच्या, म्हणजे छायाचित्रांच्या स्पर्धा-प्रदर्शनाच्या, परीक्षणावरून घेतलेली होती. सलोनमध्ये परीक्षकांपुढे छायाचित्र निनावी येते आणि थोडक्या सेकंदांत त्याला गुण पडतात. त्याच धर्तीवर येथेही छायाचित्र कोणाचे आहे हे आधी सांगायचे नाही, सर्वांचे बोलून होईपर्यंत सादरकर्त्याने गप्प राहायचे आणि बोलणाऱ्यांनी फक्त फ्रेमच्या आत जे दिसते त्यावर बोलायचे, असा नियम होता. या नियमामागे अनुभव होता. पूर्वी ज्येष्ठांच्या छायाचित्रावर 'अप्रतिम' याखेरीज शब्द निघत नसे आणि नवख्याच्या छायाचित्रावर मात्र प्रत्येकाला काही ना काही सुचत असे. निनावी पद्धतीने ते थांबले, आणि पडद्यावरच्या चित्राकडे नीट पाहण्याची सवय सभासदांना लागली. 'हायलाइट उडाले आहेत', 'फोकस डोळ्यावर न बसता छातीवर बसला आहे', 'उजवीकडची फांदी नजर बाहेर नेते' असे नेमके बोलणे या गटात ऐकायला मिळते. हौशी मंडळींत ते सहसा आढळत नाही, आणि पुढे जे घडले त्यातही हीच सवय उपयोगी पडली.

गटातील निम्म्याहून अधिक सभासदांचा ओढा पक्षिछायाचित्रणाकडे आहे. त्यांच्या दृष्टीने पावसाळ्याचे मुख्य आकर्षण म्हणजे तिबोटी खंड्या. जेमतेम तेरा सेंटिमीटर लांबीचा, जांभळ्या-नारिंगी रंगाचा हा पक्षी पावसाच्या सुरुवातीला कोकणातल्या ओढ्यांच्या काठी येतो, मातीच्या उभ्या कडेत बीळ खोदून अंडी घालतो आणि सापसुरळ्या, पाली, लहान बेडूक, खेकडे पकडून पिल्लांना भरवतो. घरटे एकदा सापडले की नर-मादी दिवसभर त्याच वाटेने ये-जा करतात. त्यामुळे इतरत्र क्षणभर दिसून नाहीसा होणारा हा पक्षी घरट्यापाशी हमखास मिळतो, आणि त्यामुळेच छायाचित्रकारांची सर्वाधिक गर्दीही घरट्यापाशी होते.

अडचण कशी पुढे आली

एका ऑगस्टच्या बैठकीत पडद्यावर तिबोटी खंड्याचे छायाचित्र आले. शेवाळलेल्या बारीक फांदीवर पक्षी किंचित तिरका बसलेला, चोचीत आडवी धरलेली सापसुरळी, मागे एकसंध गडद हिरवी पार्श्वभूमी. सभागृहात कौतुकाची कुजबुज झाली. पहिल्या चार-पाच जणांनी पार्श्वभूमीच्या स्वच्छतेबद्दल, पिसांच्या पोताबद्दल आणि अंधाऱ्या जंगलात शटरचा वेग इतका कमी असूनही टिकलेल्या शार्पनेसबद्दल भरभरून सांगितले. वार्षिक प्रदर्शनासाठी हे छायाचित्र आताच निवडून टाकावे, असेही एकाने सुचवले.

त्यानंतर वनस्पतिशास्त्र शिकवणारे एक सभासद बोलले. त्यांनी फ्रेमच्या आतले सोडून काहीही काढले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. फांदीवरचे शेवाळ आहे त्या दिशेने वाढणे शक्य नाही, ते खालच्या अंगाला आहे. म्हणजे फांदी तोडून उलटी रोवलेली असावी, असे ते म्हणाले. पक्ष्याच्या डोळ्यात आकाशाच्या प्रतिबिंबाशेजारी एक लहान चौकोनी पांढरा ठिपका होता. तो एलईडी दिव्याचा असावा. तिसरी बाब अंतराची होती. छायाचित्राखाली दिलेल्या माहितीनुसार भिंग ६०० मिमीचे, कॅमेरा फुल फ्रेम (३६ बाय २४ मिमी सेन्सरचा) होता आणि चित्र क्रॉप केलेले, म्हणजे कडांनी कापलेले, नव्हते. अशा कॅमेऱ्यात सहा मीटर अंतरावरून सुमारे ३६ बाय २४ सेंटिमीटर एवढाच भाग मावतो, आणि या चित्रात तेरा सेंटिमीटरचा पक्षी फ्रेमची निम्म्याहून अधिक उंची व्यापून होता. मग माणसे वीस फुटांहून लांब नव्हती. एवढे मांडून त्यांनी विचारले, "घरटे किती जवळ होते?"

सभागृहाचे दोन तट पडले. नियमाप्रमाणे हा प्रश्न फ्रेमबाहेरचा असल्याने तो मागे घ्यावा, असे काहींचे म्हणणे होते. एका ज्येष्ठ सभासदांनी सलोनच्या नियमांचा आधार दिला. फियाप (छायाचित्रण कलेचा आंतरराष्ट्रीय महासंघ), फोटोग्राफिक सोसायटी ऑफ अमेरिका आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी यांनी निसर्ग छायाचित्रणाची जी समान व्याख्या स्वीकारली आहे, तिच्यानुसार छायाचित्रात नंतर घटक घालणे, हलवणे किंवा पुसणे निषिद्ध आहे. शटर दाबण्यापूर्वी फांदी रोवली तर ती व्याख्या मोडत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. दुसऱ्या बाजूने एकाने २००९ सालच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेचे उदाहरण दिले. फाटकावरून झेप घेणाऱ्या लांडग्याचे छायाचित्र त्या वर्षी सर्वोत्कृष्ट ठरले होते. तो लांडगा माणसाळवलेला असावा अशी शंका इतर छायाचित्रकारांनी घेतली आणि जानेवारी २०१० मध्ये परीक्षकांनी ते छायाचित्र अपात्र ठरवले. फ्रेममध्ये तेव्हाही काही खोट नव्हती.

या सगळ्या वेळात सादरकर्ती नियमानुसार गप्प होती. ती तिशीतली, गटात नवी, आणि पक्षिछायाचित्रणातले तिचे हे पहिलेच मोठे काम होते. चर्चा तिच्याविषयी चालली होती आणि तिला बोलण्याची मुभा नव्हती. गटाच्या पद्धतीतला खरा दोष मला इथे दिसतो. छायाचित्रावर बोलणे चालू असताना सादरकर्त्याचे मौन उपयोगी असते, कारण त्यामुळे चित्र स्वतःच्या बळावर उभे राहते. पण बोलणे कृतीवर आले की तेच मौन आरोपीचे मौन होऊन बसते.

समोरचे पर्याय

समन्वयक निवृत्त अभियंते आहेत आणि सभासद त्यांना काका म्हणतात. त्यांना बसल्या जागी ठरवायचे होते. प्रश्न नियमबाह्य ठरवून पुढचे छायाचित्र घेणे सर्वांत सोपे होते, पण तसे केल्यास अचूक निरीक्षण करणाऱ्या सभासदाचे तोंड बंद झाले असते आणि शंका सभागृहाबाहेर कुजबुजीच्या रूपात फिरत राहिली असती. सादरकर्तीला तिथेच उत्तर द्यायला लावणे हा दुसरा पर्याय होता. त्याने माहिती लगेच मिळाली असती. मात्र चाळीसेक लोकांसमोर, तट पडलेले असताना, एखाद्या नवख्या व्यक्तीकडून प्रांजळ उत्तर येण्याऐवजी बचाव येण्याची शक्यता अधिक होती.

घरट्याजवळील छायाचित्रे यापुढे दाखवायचीच नाहीत, असा सरसकट ठराव काही सभासदांना हवा होता. त्यात स्पष्टता होती, आणि अनेक निसर्गप्रेमी मंडळांनी असा दंडक घातलेलाही आहे. पण बंदीने छायाचित्रे काढणे थांबत नाही, फक्त दाखवणे थांबते, अशी हरकत वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांनीच घेतली. घरटे फ्रेममध्ये न दाखवता घरट्यापाशी काढलेले छायाचित्र, म्हणजे नेमके हेच छायाचित्र, बंदीतून सहज निसटले असते.

वन विभागाला कळवावे, असेही एकाने सुचवले. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी वा घरटी यांना उपद्रव देणेही येते. तो आधार खरा होता. मात्र हाइड, म्हणजे छायाचित्रकार लपून बसतात तो आडोसा, कुठे आहे, कोणाच्या जमिनीवर आहे आणि तिथे नेमके काय केले जाते, यांपैकी काहीच त्या क्षणी हाती नव्हते.

काय केले गेले

समन्वयकांनी चर्चा थांबवली. छायाचित्र प्रदर्शनासाठी निवडलेही नाही आणि नाकारलेही नाही. या विषयावर पुढच्या बैठकीत स्वतंत्रपणे बोलू, एवढे सांगून ते पुढच्या छायाचित्राकडे वळले. दुसऱ्या दिवशी त्यांनी सादरकर्तीला फोन केला. "तुझ्यावर आळ घ्यायला बोलावत नाही. मूळ फायली सोबत आण, आपण मिळून पाहू," असे त्यांचे शब्द होते, असे तिने नंतर सांगितले. त्या भेटीला त्यांनी शिक्षकांनाही बोलावले. प्रश्न विचारणारा आणि ज्याला विचारला तो, अशी दोघे एका टेबलावर आली, हा या प्रकरणातला सर्वांत योग्य निर्णय होता असे मला वाटते.

सादरकर्तीने सगळे मोकळेपणाने सांगितले. हाइड एका शेतकऱ्याच्या खासगी जमिनीवर, ओढ्याच्या काठी होती. शुल्क भरून सकाळच्या पाळीत पाच जण बसले होते. बीळ समोरच, हाइडपासून पंधरा-वीस फुटांवर होते. फांदी आधीपासून रोवलेली होती, आभाळ भरून आल्यावर दिवा लावला गेला आणि बिळासमोरची झुडपे व नेचे छाटलेले होते, म्हणजे नजर थेट पोहोचत होती. यांपैकी तिने स्वतः काहीच केले नव्हते. हाइड अशीच असते, असे तिला वाटले होते. तिला तसे वाटणे स्वाभाविक होते, कारण गटातल्या अनेकांची तिने पाहिलेली उत्तम छायाचित्रे अशाच ठिकाणची होती.

मग लॅपटॉपवर मूळ फायली वेळेच्या क्रमाने लावल्या गेल्या. सापसुरळी चोचीत घेतलेला पक्षी पहिल्या फ्रेममध्ये आला तेव्हा सकाळचे ९ वाजून १२ मिनिटे झाली होती. पुढच्या दीडशेहून अधिक फ्रेममध्ये तोच पक्षी, तीच फांदी, तीच सापसुरळी होती. मधल्या काही फ्रेममध्ये त्याची मान ताणलेली आणि तोंड थेट हाइडकडे वळलेले होते. दोनदा तो उडून पुन्हा तिथेच बसला होता. सापसुरळीसह शेवटची फ्रेम ९ वाजून ३१ मिनिटांची होती. खंड्या बिळात शिरण्यापूर्वी जवळच्या फांदीवर थोडा थांबतो, कानोसा घेतो, हे नेहमीचेच आहे. पण चोचीतले भक्ष्य घेऊन वीस मिनिटे ताटकळणे हे त्याला बिळाकडे जाणे सुरक्षित वाटत नसल्याचे लक्षण मानले जाते. ज्या स्थिर, डौलदार बसण्याची सभागृहात वाखाणणी झाली होती, ते बसणे पिल्लांपर्यंत पोहोचू न शकलेल्या पालकाचे होते.

ही बाब एका छायाचित्रात दिसणे शक्यच नव्हते. ती मालिकेत दिसली. हौशी छायाचित्रकाराकडे हा पुरावा नेहमी असतो. प्रत्येक फायलीत वेळ नोंदलेली असते, आणि आपण निवडलेल्या एका फ्रेमच्या आधीच्या व नंतरच्या फ्रेममध्ये प्राण्याचे वर्तन साठलेले असते. आपण मात्र घरी येऊन त्यांतली सर्वांत देखणी फ्रेम ठेवतो आणि बाकीच्या पुसून टाकतो.

सप्टेंबरच्या बैठकीत सादरकर्तीने स्वतःच्या इच्छेने ती सगळी मालिका वेळेसह पडद्यावर दाखवली. भाष्य तिने फारसे केले नाही. झुडपे छाटल्याने बीळ मुंगूस, घोरपड, धामण यांना उघडे पडते, हे शिक्षकांनी समजावून सांगितले. त्यानंतर गटाने समीक्षेचा नियम बदलला. आता समीक्षेचे दोन टप्पे होतात. पहिल्यात पूर्वीप्रमाणे निनावी छायाचित्रावर बोलणे होते. दुसऱ्यात नाव सांगितले जाते आणि सादरकर्ता स्वतः आधी बोलतो: अंतर किती होते, हाइड कोणाची होती, फांदी, दिवा, आमिष किंवा ध्वनिमुद्रित आवाज वापरला का, किती वेळ थांबलो, आपण आल्यावर आणि आपण निघाल्यावर प्राणी काय करत होता. वन्यजीवांच्या छायाचित्रासोबत त्या मालिकेतली पहिली आणि शेवटची फ्रेम आणणे आवश्यक ठरले. ठिकाणाचे नाव मात्र सांगायचे नाही, असे ठरले.

दोघे सभासद शेतकऱ्याकडे जाऊन आले. त्यांनी तक्रारीचा सूर लावला नाही, आणि ते बरे झाले. "पावसाळ्यात दुसरा रोख पैसा कुठनं येणार, दादा? पोरांच्या शाळेचा खर्च यातनंच निघतो," असे त्याने सांगितले. झुडपे छाटायला आपल्याला छायाचित्रकारच सांगतात, हेही त्याच्याकडून कळले. घरट्यापासून दूर, जिथे पक्षी भक्ष्य शोधायला येतो अशा ओढ्याच्या वळणावर हाइड हलवावी आणि शुल्क तेवढेच ठेवावे, असा प्रस्ताव त्यांनी ठेवला. त्याने विचार करतो म्हटले.

परिणाम

सादरकर्तीने छायाचित्र प्रदर्शनाच्या निवडीतून मागे घेतले. ती गटात टिकली आणि पुढच्या पावसाळ्यात तिने ओढ्यावरच्या वाटेवर काढलेले तिबोटी खंड्याचे छायाचित्र दाखवले. पक्षी लहान, पाने आडवी, प्रकाश अपुरा. सलोनमध्ये त्याला गुण पडले नसते. तरीही पाण्याच्या वरून झेपावणाऱ्या त्या ठिपक्याभोवतीचे जंगल प्रथमच चित्रात आले होते, आणि त्यावरची चर्चा बराच वेळ चालली.

शेतकऱ्याने पुढच्या वर्षी झुडपे छाटली नाहीत आणि दिवा काढून टाकला. हाइड मात्र जागेवरच राहिली. हे अर्धे यश आहे, आणि ते तसेच नोंदवणे योग्य.

सलोनचा आधार देणारे ज्येष्ठ सभासद सप्टेंबरनंतर बैठकांना येईनासे झाले. आपल्या अनेक वर्षांच्या कामावर एका बैठकीत बोळा फिरवला गेला, असे त्यांना वाटले. नवा नियम इतर विषयांतही पसरला. जेजुरीला भंडारा उधळण्याची छायाचित्रे दाखवताना, उधळण आपसूक झाली की भाविकांना पुन्हा उधळायला सांगितले, हे आता विचारले जाते. वारीतल्या वृद्ध चेहऱ्यांच्या छायाचित्रांबाबत संमतीचा प्रश्न येतो. सगळ्यांना हे रुचलेले नाही. समीक्षेचा वेळ दुप्पट झाला आहे आणि बैठकीत येणाऱ्या छायाचित्रांची संख्या घटली आहे.

वेगळे काय करता आले असते

विषय पुढच्या बैठकीपर्यंत लांबवणे माणसांच्या दृष्टीने शहाणपणाचे होते, पण पक्ष्याच्या वेळापत्रकाशी ते जुळणारे नव्हते. तिबोटी खंड्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण अडीच-तीन आठवड्यांत बीळ सोडतात. बैठकीपर्यंतच्या महिन्यात त्या घरट्याचा निकाल जो लागायचा तो लागून गेला असणार. दरम्यान व्हॉट्सॲप गटावर 'लोकेशन मिळेल का?' अशी विचारणा झाली, कोणीतरी ते दिले आणि पुढच्याच रविवारी तीन सभासद तिथे जाऊन बसले. नियमांची चर्चा महिनाभर थांबू शकत होती. ठिकाण न सांगण्याची आणि तिथे तूर्त न जाण्याची विनंती त्याच संध्याकाळी करता आली असती. त्या विनंतीला कोणाची हरकतही नसती, कारण तिच्यात कोणाला दोष देण्याचा प्रश्न नव्हता. शेतकऱ्याची भेटही सप्टेंबरनंतर न घेता त्याच आठवड्यात घेता आली असती.

बैठकीतही एक साधी सोय शक्य होती. प्रश्न फ्रेमबाहेर गेला त्या क्षणी समन्वयकांनी मौनाचा नियम उठवून सादरकर्तीला एवढेच विचारायला हवे होते की तिला आता बोलायचे आहे की नंतर. तिने 'नंतर' म्हटले असते तरी निर्णय तिचा राहिला असता. तिने पुढे दाखवलेला मोकळेपणा पाहता ती त्याच दिवशीही बोलली असती, असे मला वाटते. पण तसे नसते तरी विचारणे गरजेचे होते.

ज्येष्ठ सभासदांच्या बाबतीत गटाकडून जे राहून गेले ते मला अधिक लागते. त्यांची जुनी छायाचित्रे फिल्मच्या काळातली होती. छत्तीस फ्रेमच्या रोलवर काम करताना ते स्वतः उभारलेल्या कापडी आडोशात बसत, आणि आडोसा दर दिवशी थोडा थोडा पुढे सरकवत, म्हणजे पक्ष्याला त्याची सवय होई. पक्षी बिचकला तर एक दिवस मागे येत. ही माहिती त्यांनी पूर्वी गप्पांत सांगितलेली होती आणि गटातल्या बहुतेकांना ती ठाऊक होती. सप्टेंबरच्या बैठकीत मालिका दाखवण्यापूर्वी त्यांच्याशी बोलून, घरट्याजवळ काम करताना तुम्ही कुठे थांबत होता आणि कुठून परत फिरत होता हे सांगाल का, असे विचारले असते तर ते त्या दिवशी समोरच्या रांगेत आरोप ऐकत बसले नसते. समन्वयकांनी दोन महिन्यांनी त्यांना फोन केला, तेव्हा त्यांनी तब्येतीचे कारण दिले. त्यांची छायाचित्रे वार्षिक प्रदर्शनात ठेवायची का, हा प्रश्न त्यानंतर आला. ती छायाचित्रे, खाली तारीख आणि काढण्याची पद्धत लिहून, ठेवावीत असे ठरले, आणि तो मजकूर त्यांनीच लिहून द्यावा म्हणून समन्वयक आणि शिक्षक दोघे त्यांच्या घरी जाणार आहेत.